मतदान घरात, गाऱ्हाणं फुटपाथवर

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेल्या मतदारांना देशभर पहिल्यांदाच घरबसल्या मतदान करता आलं. १२-डी नावाचा अर्ज वेळेत भरून दिला की ठरल्या दिवशी मतदान अधिकारी, पोलीस, चित्रीकरण करणारा असा सगळा लवाजमा दारात हजर. ज्यांना केंद्रावरच जायचं होतं त्यांच्यासाठी तळमजल्यावरची खोली, रॅम्प, चाकाची खुर्ची, यंत्रावर ब्रेलमधले आकडे आणि अंध मतदाराला सोबती नेण्याची मुभा. यातलं काहीही आपसूक झालेलं नाही. २००४ मध्ये अपंगांच्या हक्कांसाठी झगडणारी मंडळी सर्वोच्च न्यायालयात गेली, न्यायालयाने मतदान केंद्रांवर लाकडी रॅम्प लावायला सांगितलं आणि पुढच्या वीस वर्षांत निवडणूक आयोगाने एकेक अडथळा हटवत आणला. त्रुटी अजूनही आहेत, पण यंत्रणेने मनावर घेतलं की काय होऊ शकतं ते दिसलं.

मग निकाल लागतो, गुलाल उधळला जातो, आणि निवडून आलेला माणूस आपलं जनसंपर्क कार्यालय थाटतो. ते बहुतेक वेळा पहिल्या मजल्यावर असतं.

माझा मुद्दा एवढाच आहे. अपंग माणसाने मत द्यावं यासाठी आपण त्याच्या घरापर्यंत जातो, पण त्यानंतरची पाच वर्षं त्याने आपल्या प्रतिनिधीपर्यंत कसं पोहोचावं याचा विचार करायची जबाबदारी कोणावरच टाकलेली नाही. त्याचा तोटा एकट्या अपंगांचा होत नाही. प्रतिनिधीच्या कानावर काय पडतं आणि काय पडत नाही, हेच त्यावरून ठरतं.

आमदाराने कार्यालय उघडलंच पाहिजे, आठवड्यातून अमुक वेळ लोकांना भेटलंच पाहिजे, असं कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. जे आहे ते रिवाजाने चालतं. शहरात हे कार्यालय म्हणजे खाली मेडिकल किंवा मिठाईचं दुकान, बाजूने दीड हात रुंदीचा जिना, पायऱ्यांवर चपलांचा ढीग, वर काचेचं दार, आत प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग आणि टेबलामागे पीए. तालुक्याच्या गावी साहेबांचा बंगलाच कार्यालय असतो. तिथे जिना नसतो, पण फाटकापाशी चार पायऱ्या असतात आणि त्यांना हौसेने ग्रॅनाइट लावलेला असतो. पावसाळ्यात त्यावर कुबडीचं रबर ठरत नाही. धडधाकट माणसाला या पायऱ्या दिसतसुद्धा नाहीत.

खाली रिक्षा थांबते. सोबतचा माणूस वर जाऊन वर्दी देतो. पीए भला माणूस असतो. तो खिडकीतून डोकावून सांगतो, ‘‘दादा, तुम्ही वर यायची तसदी घेऊ नका. साहेब निघताना खाली भेटतील.’’ यात कुठे उर्मटपणा नाही, उलट आपुलकीच आहे. पण पुढे काय होतं बघा. साहेब खाली येतात ते निघण्याच्या घाईत, फोन कानाला लावून, दोन्ही बाजूंना कार्यकर्ते. गाडीचं दार उघडं. वर गेलेल्या माणसाला खुर्ची मिळाली, पंखा मिळाला, कधी चहा मिळाला, समोरासमोर पाच मिनिटं मिळाली. खाली थांबलेल्याला फुटपाथवर मिनिटभर मिळतं, तेही मान वर करून बोलायला.

शिवाय ते मिनिट सगळ्यांच्या देखत असतं. अपंग बाईचं गाऱ्हाणं म्हणजे पेन्शनच असेल असं सगळे धरून चालतात. तिला कदाचित सांगायचं असेल की भावाने सातबाऱ्यावरून तिचं नाव काढलं, किंवा घरातलाच कोणी हात उगारतो. हे ती मेडिकलच्या दारात, गिऱ्हाइकांच्या गर्दीत, ओळखीच्या कार्यकर्त्यासमोर बोलणार? मग ती अर्जाचा कागद पुढे करते आणि ‘‘बघा तेवढं’’ म्हणून मोकळी होते. बंद दाराआड बोलण्याची सोय पायऱ्या चढू शकणाऱ्यांनाच आहे.

‘‘त्यात काय, उचलून नेतो की!’’ हे दुसरं उत्तर. चार पोरं पुढे होतात, खुर्ची उचलतात. अरुंद जिन्यावर तिरप्या झालेल्या खुर्चीत बसून वर जाणं म्हणजे काय, हे त्यात बसल्याशिवाय कळत नाही. बायकांच्या बाबतीत तर परक्या पुरुषांचे हात कुठे कुठे लागतात, त्याची वाच्यता कुणी करत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात हेच घडलं होतं. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, अधिकारी खाली यायला तयार नाहीत; चाकाच्या खुर्चीवरच्या नवरीला, अपंग हक्क कार्यकर्त्या विराली मोदी यांना, लग्नाच्या दिवशी जिन्यावरून उचलून न्यावं लागलं. तिने ते समाजमाध्यमावर लिहिलं, देशभर गाजलं, तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दिलगिरी व्यक्त केली. चांगलं झालं. पण तिचं म्हणणं ऐकणारे हजारो लोक तिच्यामागे आधीपासून होते. जत किंवा धडगावसारख्या दूरच्या तालुक्यातल्या एखाद्या मुलीच्या मागे ते नसतात. तिच्यासाठी आमदार हीच काय ती वरपर्यंत जाणारी वाट, आणि तीच जिन्यापाशी अडते.

आता थोडं वाट पाहण्याबद्दल, कारण हा भाग कुठल्याही शासन निर्णयात येत नाही. पुढाऱ्याला भेटणं म्हणजे मुख्यतः थांबणं. साहेब दहाला येणार म्हणतात, बारा वाजतात, मग कळतं की मयतीला गेलेत. सगळेच ताटकळतात, मान्य. पण ज्याला स्वच्छतागृहात जायला रुंद दार आणि धरायला दांडा लागतो, त्याचं थांबणं वेगळं. मला माहीत असलेल्या बहुतेक चाकाच्या खुर्चीवरच्या बायका अशा कामाला निघताना सकाळपासून पाणी पीत नाहीत. मे महिन्यातही. पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांना मूत्रमार्गाचा संसर्ग पटकन होतो, त्यामुळे ही पाण्याची उपासमार पुढे दवाखान्यात भरून द्यावी लागते. प्रवासखर्च निराळाच. एसटीत दिव्यांगांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे, पण एसटीची पहिली पायरी गुडघ्याच्या वर असते. सवलत खिशात ठेवून माणूस रिक्षा ठरवतो. सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो. अशा एका खेपेनंतर ‘‘पुढच्या सोमवारी या’’ म्हटलं की पुढचा सोमवार उजाडत नाही.

चालता न येणं हा अपंगत्वाचा फक्त एक प्रकार झाला. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात एकवीस आहेत. कर्णबधिर माणसाला जिना चढता येतो, पण वर जाऊन तो बोलणार कोणाशी? सांकेतिक भाषेचा दुभाषी बसवलेला जनता दरबार मी तरी पाहिलेला नाही. वास्तविक मुंबईत वांद्र्याला वाक् आणि श्रवण दिव्यांगांसाठीची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था उभी आहे. दुभाषी ही काही परग्रहावरची गोष्ट नव्हे. सध्या चालतं असं, की कर्णबधिर आई-बाप आपल्या ऐकू येणाऱ्या शाळकरी पोराला सोबत आणतात आणि ते पोर घरातली भांडणं, कर्ज, आजारपण सगळं पुढाऱ्यापुढे आपल्या तोंडाने सांगतं. मतिमंद किंवा मानसिक आजार असलेल्या माणसाबरोबर कोणी आलं असेल, तर सगळं बोलणं त्या सोबत्याशीच होतं. शेजारी बसलेल्याला नाव विचारायचंही राहून जातं.

अंधांची गोष्ट जवळून पाहिली आहे ती सांगतो. आमच्या भागातल्या एका अंध शेतकऱ्याला आमदारांशी पाटाच्या पाण्याबद्दल बोलायचं होतं. उन्हाळी आवर्तन, म्हणजे कालव्याला ठरलेल्या पाळीने सोडलेलं पाणी, शेपटाकडच्या शेतांपर्यंत येत नाही, वरच्या अंगाला रात्री मोटारी टाकून पाणी ओढतात, कोणत्या चारीवर कोणत्या दिवशी काय झालं, सगळं त्याला तोंडपाठ होतं. बांधावर उभं राहून पाण्याच्या आवाजावरून तो चारी किती भरली आहे ते सांगतो. आमदार भेटले ते साहित्य वाटप शिबिरात. याचं नाव पुकारलं गेलं, हातात पांढरी काठी दिली गेली, फोटोसाठी खांद्याला धरून त्याला कॅमेऱ्याकडे वळवलं. त्याने ‘‘साहेब, आवर्तनाचं...’’ म्हणेपर्यंत पुढचं नाव पुकारलं होतं. काठी त्याच्याकडे आधीच होती. तीच टेकत तो मंचावर आला होता.

मला वाटतं, सगळा प्रश्न इथे आहे. प्रतिनिधी आणि अपंग मतदार यांची गाठ पडते ती शिबिरात, मंचावर, तीनचाकी सायकल नाहीतर कानाचं यंत्र देता-घेताना. साहित्याची गरज नाही असं कोण म्हणेल? पण देणारा आणि घेणारा एवढ्याच नात्याने भेट होत राहिली, तर प्रतिनिधीच्या डोक्यात अपंग म्हणजे लाभार्थी हेच समीकरण पक्कं बसतं. आमदार विधानसभेत जे तारांकित प्रश्न टाकतो, लक्षवेधी लावतो, त्यांतले बरेचसे त्याच्या कार्यालयात येऊन बसलेल्या लोकांच्या तोंडून आलेले असतात. त्या खुर्च्यांवर जे कधी बसलेच नाहीत, त्यांचे प्रश्न सभागृहात जाणार कसे? म्हणून अपंगांच्या नावावर चर्चा होते ती मानधन वाढवायची, आणि पाटपाणी, वीज, शाळा, रस्ते यांवर त्यांनाही काही म्हणायचं असेल हे कोणाच्या गावीही नसतं.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अपंगांची संख्या २९ लाख ६३ हजार होती. २८८ मतदारसंघांत वाटली तर, लहान मुलं धरून, सरासरी दहा हजारांवर येते. तीही सात-आठ प्रकार मोजणारी, पंधरा वर्षांपूर्वीची. २०२४ च्या विधानसभेला मालेगाव मध्यची जागा १६२ मतांनी लागली, साकोलीची २०८ मतांनी. हिशेबी पुढाऱ्यांना हे आकडे मी समजावून सांगायची गरज नसावी.

काही आक्षेप रास्त आहेत. पहिला असा की आमदार, नगरसेवक स्वतः घरी येतात. येतात, आणि काही जण खरोखर मनापासून येतात. पण कोणाच्या घरी जायचं हे येणारा ठरवतो, आणि मधला कार्यकर्ता ठरवतो. विरोधी पक्षाचा झेंडा लावलेल्या गल्लीत ही भेट होत नाही. दुसरा आक्षेप फोनचा. फोन कर्णबधिराच्या उपयोगाचा नाही. व्हॉट्सॲपवर कार्यालय जे पाठवतं ते चित्राच्या रूपात, साहेबांच्या फोटोसकट. अंधांच्या मोबाइलमधलं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्या चित्रातला मजकूर सहसा वाचत नाही. मंत्रालयात शिरायला आता ॲपवरची नोंदणी आणि चेहरा ओळखणारी यंत्रं आली आहेत. कॅमेऱ्यासमोर चेहरा कुठे धरायचा हे अंधाला कोण सांगणार? एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकांच्या वगैरे केवायसीत डोळे मिचकावून दाखवण्याच्या अटीवरून हाच प्रश्न ऐकला. ॲसिड हल्ल्यातल्या पीडिता आणि अंध याचिकाकर्ते यांच्या बाजूने निकाल देताना डिजिटल सेवा वापरता येणं हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं म्हटलं. न्याय मोबाइलच्या पडद्यालाही लागू झाला, पुढाऱ्याच्या जिन्याला मात्र अजून लागू व्हायचा आहे.

एक गोष्ट मोकळेपणाने सांगायला हवी. मुंबईतल्या पक्षांच्या जुन्या शाखा या बाबतीत बऱ्या होत्या. रस्त्याला लागून, बहुतेक जमिनीच्या पातळीवर, संध्याकाळी ठरलेल्या वेळी उघडणार, आणि दारातूनच आत कोण बसलंय ते दिसणार. कोणी सुगम्यतेचा विचार करून त्या बांधल्या नव्हत्या, पण सोय होती. त्या शाखेत बसणारा नगरसेवक मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यावर माजी झाला, आणि निवडणुका रखडल्यामुळे जवळजवळ चार वर्षं मुंबईला नगरसेवकच नव्हते. पुण्यासह इतर अनेक शहरांत तोच प्रकार. बाकीच्यांनी आमदार किंवा वॉर्ड ऑफिस गाठलं. घरापासून दोनशे पावलांवरचा माणूस हाच ज्याच्यासाठी एकमेव पोहोचण्याजोगा प्रतिनिधी होता, त्याने कुणाला गाठायचं? प्रशासकराजवर एवढं लिहिलं गेलं, त्यात ही बाजू मला कुठे दिसली नाही.

आता कायदा. आमदारांचं कार्यालय खासगी गाळ्यात आहे, भाड्याचं आहे, तेव्हा सरकारी नियम कसे लावणार, असं विचारलं जातं. २०१६ च्या कायद्यात सार्वजनिक इमारतीची व्याख्या आहे आणि ती सरकारी इमारतीपुरती नाही. सर्वसामान्य जनता जिचा वापर करते किंवा जिथे ये-जा करते अशी खासगी इमारतही तिच्यात येते. आमदाराच्या जनसंपर्क कार्यालयाइतकी जनतेची ये-जा दुसऱ्या कुठल्या गाळ्यात असते? कायद्याच्या उल्लंघनाला पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत आणि पुढे पन्नास हजार ते पाच लाख रुपये दंडाची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्याखालचा सुगम्यतेच्या निकषांबद्दलचा १५ वा नियम नुसता सल्लेवजा आहे, तो मूळ कायद्याशी विसंगत आहे असं ठरवलं आणि सक्तीचे निकष करायला केंद्राला तीन महिने दिले. पुण्यात बसणाऱ्या राज्याच्या दिव्यांग आयुक्तांनी एखाद्या लोकप्रतिनिधीच्या कार्यालयाला नोटीस धाडली तर ती कायद्याच्या चौकटीत बसेल. धाडतील का, हा वेगळा प्रश्न. पण डिसेंबर २०२२ मध्ये आपण दिव्यांग कल्याणाचं स्वतंत्र खातं काढलं त्याचा गवगवा पुष्कळ केला होता.

दंड करून सगळं सुटेल असं मात्र मी म्हणणार नाही. रॅम्पचं गणित सोपं आणि निष्ठुर आहे. एकास बारा हा उतार धरला तर पंधरा सेंटीमीटरच्या एका पायरीला एक मीटर ऐंशी सेंटीमीटर लांबीचा रॅम्प लागतो. बंगल्याच्या चार पायऱ्यांना सात मीटरच्या वर. पहिल्या मजल्यासाठी विचारच नको. शहरातल्या गाळ्यापुढे एवढी जागा कुठून आणणार? मग जे बांधलं जातं ती घसरगुंडी असते, जिच्यावरून खुर्ची चढवायला तीन माणसं लागतात आणि जिचा उपयोग स्कूटर वर घ्यायला होतो. तेव्हा जागा बदला, किंवा निदान भेटीची वेळ दुसऱ्या जागी ठेवा.

आणि जागा तयार आहेत. निवडणूक आयोगाने राज्यात सुमारे एक लाख मतदान केंद्रं ठरवली, म्हणजे एका विधानसभा मतदारसंघात साधारण साडेतीनशे. जिल्हा परिषदेच्या शाळा, समाजमंदिरं, महापालिकेच्या शाळांचे तळमजले. यातल्या कुठे रॅम्प पक्का आहे, कुठे वापरण्याजोगं स्वच्छतागृह आहे, याची टिपणं तहसीलच्या निवडणूक शाखेत पडून असतात आणि पाच वर्षांनी बाहेर निघतात. आमदाराने महिन्यातून दोनदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, शाळा सुटल्यावर किंवा शनिवारी दुपारी यातल्या एकेका केंद्रावर बसावं. आधी एसएमएसने कळवणाऱ्या कर्णबधिरासाठी जिल्ह्यातून दुभाषी बोलवावा, निदान व्हिडिओ कॉलवर. हे वेळापत्रक विधानमंडळ सचिवालयाने प्रत्येक सदस्याच्या पत्त्याशेजारी साध्या मजकुरात छापावं, आणि कार्यालय कितव्या मजल्यावर आहे, पायऱ्या किती, लिफ्ट चालते का, हेही लिहावं. लाजेखातर काही गाळे आपोआप खाली येतील. मग तिथे कुठले प्रश्न निघतात ते बघू; माझा अंदाज आहे की पेन्शनइतकेच पाटपाण्याचे निघतील.

दुसरी वाट तमिळनाडूने घेतली आहे. एप्रिल २०२५ मध्ये तिथल्या विधानसभेने स्थानिक स्वराज्य संस्थांवर दिव्यांगांची नियुक्ती करणारी विधेयकं मंजूर केली. म्हणजे भेटायला येणाऱ्यासाठी जिना सोडवण्याऐवजी त्यालाच सभागृहात बसवायचं. नेमलेला सदस्य नेमणाऱ्याचा मिंधा राहतो ही शंका मला आहे, तरी ग्रामपंचायतीच्या बैठकीत चाकाच्या खुर्चीवरचा सदस्य येणार म्हटल्यावर बैठक वरच्या मजल्यावर होणार नाही, एवढं तर खरं. आपल्याकडे महापालिकांत स्वीकृत, म्हणजे निवडणूक न लढवता नेमलेल्या, नगरसेवकांच्या जागा आहेतच. त्या पडलेल्या उमेदवारांची आणि नाराज निष्ठावंतांची सोय म्हणून वापरायचा प्रघात पडला आहे. त्यातली एक जागा प्रत्येक शहरात एखाद्या दिव्यांग कार्यकर्त्याला द्यायला नवा कायदा लागत नाही, पक्षाच्या गटनेत्याने त्याचं नाव सुचवायचं मनावर घ्यावं लागतं.